भुवई कुणाची

शब्दकोशाच्या कार्यालयात काचेचं दार असलेली एक चिंचोळी खोली होती. तिला सगळे पोपटखाना म्हणत. नाव ठेवणाऱ्याचा काही दोष नव्हता. आत दिवसभर एक बाई मोठ्यानं वाचत बसलेली असायची, आणि तेही एकेक विरामचिन्ह आणि जाड ठशाची खूणसुद्धा न सोडता. ‘जाड सुरू, भीती, जाड बंद, स्वल्प, धास्ती, स्वल्प, दहशत, पूर्ण.’ नवख्या माणसानं दाराशी घटकाभर उभं राहून ऐकलं असतं, तर बाईंचं डोकं फिरलंय असंच त्याला वाटलं असतं. पण प्रुफं अशीच तपासतात. एकानं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं समोरच्या छापील कागदावर बोट ठेवून ते ताडून बघायचं. वाचणाऱ्या बाईंना सगळे वाचकबाई म्हणत आणि ताडून बघणारे साहेब म्हणजे त्यांचा नवरा.

लग्न याच खोलीत जमलं होतं. ‘तुमचा आवाज छापल्यासारखा आहे,’ असं साहेब एकदा कामाच्या मध्येच म्हणाले होते. या माणसाच्या तोंडून याहून गोड काही निघायचं नाही हे ओळखून बाईंनी होकार देऊन टाकला होता. तसा माणूस वाईट नव्हता. पगार घरी आणायचा, आवाज चढवायचा नाही, हात उगारणं तर लांबच. फक्त भुवया होत्या. दाट, काळ्याभोर, नाकाच्या मुळाशी जवळजवळ भिडलेल्या. ओळीत काही खटकलं की साहेब तोंडानं ‘थांब’ म्हणत नसत, त्यांच्या भुवया गोळा होत. बाई हस्तलिखितावरून डोळा काढून मधूनमधून त्यांच्याकडे बघत आणि भुवया जुळलेल्या दिसल्या की वाक्य असेल तिथं तोडत. मग साहेब खाली वाकून काहीतरी बघत, पेन्सिलीनं खूण करत किंवा करत नसत, आणि म्हणत, ‘पुढे.’ की बाई पुढे. कार्यालयात त्यांना पाठीमागे भुवईसाहेब म्हणत. एका नव्या कारकुनाची त्यांच्यासमोर रजा मागताना म्हणे अशी बोलती बंद झाली होती, की तो रजा न मागताच कामाला बसला.

आता कामाची खूण कामापाशीच राहिली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण हे दोघं जे दिवसभर करायचे तेच संध्याकाळी घरी घेऊन जायचे. जेवताना बाई काही सांगायला लागल्या आणि समोर भुवया जुळल्या, की घास तोंडात आणि वाक्य पोटात. त्यात त्यांना फारसं दुःखही होत नसे, हाताला सवय लागते तशी जिभेलाही लागते. दुःख मुलीचं होतं. एकुलती एक मुलगी, आणि जन्माची बडबडी. तिला घरात साळुंकीच म्हणत, लाडात आलं की साळू. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी तिची गाडी सुरू व्हायची. बाई तिला टेबलाखालून पायानं ढोसायच्या, ‘श्श, बाबांच्या भुवया बघ.’ लहानपणी तिला त्याची गंमत वाटायची. एकदा तर तिनं काळ्या कागदाच्या दोन पट्ट्या कापून कपाळाला चिकटवल्या आणि स्वयंपाकघरात येऊन आईला म्हणाली, ‘पुढे!’ बाई हसून हसून ओट्याला टेकल्या होत्या. मोठी झाल्यावर मात्र तिनं पट्ट्याही चिकटवल्या नाहीत आणि वडिलांसमोर फारसं तोंडही उघडलं नाही. शिकली, लांबच्या शहरात गेली. तिथल्या वस्तुसंग्रहालयात लोकांना हिंडवून माहिती सांगायची नोकरी तिला मिळाली. दिवसभर बोलायचे पैसे मिळतात म्हणून ती फोनवर खिदळायची, वडील घरात नसतील तेव्हा.

त्या साळूला जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

बाईंनी या वर्षात एकच गोष्ट मनाशी धरून ठेवली होती. एक वाक्य होतं आणि ते नवऱ्याच्या तोंडावर बोलायचं होतं. बोलून झालं की नोकरीचा राजीनामा, घरातलं एक कपाट आवरायचं आणि गावाकडच्या बहिणीकडे जायचं, इतकं सगळं ठरलं होतं. बहिणीनं खोली रिकामी करून ठेवली होती. अडलं होतं ते फक्त वाक्यापाशी. न बोलता निघून जाणं बाईंना मान्य नव्हतं, कारण न बोलताच तर सगळा घात झाला होता. रोज सकाळी त्या घरून ठरवून निघत. खोलीचं दार लावत, तोंड उघडत, साहेब मान वर करत, भुवया गोळा होत, आणि बाई मुकाट्यानं कालच्या पानावरची खूण शोधायला लागत.

वाक्य असं होतं: तुमच्या भुवईनं माझी साळू घालवली.

ते खोटं नव्हतं. शेवटची घरी आली तेव्हा साळू न कळवता आली होती. जेवणाच्या टेबलाशी तिघं बसली होती. ती ताटातलं चिवडत होती आणि एकदम तिनं चमचा खाली ठेवला. ‘बाबा, मला थोडे दिवस इथं येऊन राहावं लागेल. म्हणजे त्याचं काय झालंय—’ इतकं बोलून तिनं वर बघितलं. साहेबांनी मान उचलली होती आणि त्यांच्या भुवया अशा जुळल्या होत्या, की तशा बाईंनीही कधी बघितल्या नव्हत्या. साळूचा चेहरा पडला. ‘काही नाही,’ ती म्हणाली, ‘रजा होती म्हणून आले होते.’ दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. पुढं काही महिन्यांनी तिकडच्या इस्पितळातून फोन आला, आणि ही दोघं पोचेपर्यंत बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिथल्या नर्सनं सांगितलं, रक्ताचा आजार होता, फार आधी कळला होता. घरचं कुणी सोबत असतं तर उपचार नीट झाले असते, पण तुमची मुलगी म्हणाली, घरी अडचण आहे. नर्सनं सहज सांगितलं. बाईंच्या मात्र काळजाला तेव्हा जी घरं पडली ती पडलीच.

तर अशात तो शब्द आला.

इंग्रजी-मराठी कोशाची नवी आवृत्ती चालू होती. ‘ब्राउबीट’ या क्रियापदापाशी संपादिका चार दिवस अडली होती आणि तिनं सगळ्या कार्यालयाला अडवून ठेवलं होतं. दुसऱ्याला धाक घालून गप्प करणे, हा अर्थ सरळच होता. पण मराठी प्रतिशब्द कोणता द्यायचा? कुणी म्हणालं, दटावणे. संपादिका म्हणाली, ‘छे, दटावण्यात थोडी माया असते. आई दटावते.’ दमदाटी करणे? त्याला आवाज लागतो. डोळे वटारणे? जवळ येतं, पण त्यात समोरचा गप्प बसेलच असं नाही; आमच्याकडे तर डोळे वटारले की पोरं जास्तच चेकाळतात. सगळे हसले. शेवटी तिनं वाचकबाईंना विचारलं, ‘बाई, तुम्ही सांगा. मारायचं नाही, ओरडायचं नाही, नुसतं बघायचं आणि समोरच्याची वाचा बसवायची. याला तुम्ही काय म्हणाल?’ बाई म्हणाल्या, ‘मला नाही सुचत,’ आणि चहाचा कप विसळायला निघून गेल्या.

जाता जाता संपादिकेनं त्यांना हळूच गाठलं. ‘रागावू नका हं, पण हल्ली तुमच्या खोलीतून गेलेल्या पानांत चुका राहायला लागल्यात. साहेबांच्या नजरेतून सुटणं शक्य नाही. तुम्ही जरा सावकाश वाचता का?’ बाईंनी तेही गिळलं. गिळायची सवय होतीच.

दुपारी ते पान खोलीत आलं. बाईंनी हस्तलिखित पुढ्यात ओढलं, साहेबांनी प्रुफावर बोट ठेवलं आणि वाचन सुरू झालं. ‘जाड सुरू, ब्राउबीट, जाड बंद, स्वल्प, सकर्मक क्रियापद, पूर्ण. करड्या नजरेनं धाक घालून गप्प करणे, अर्ध, नजरेच्या दाबाखाली ठेवणे, पूर्ण.’ इथपर्यंत बाईंचा आवाज नेहमीसारखा छापल्यासारखा होता. मग व्युत्पत्ती आली. ‘कंस सुरू, भुवई आणि मारणे या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांपासून, अर्ध, सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरात, पूर्ण. मार कुणाच्या भुवईवर, असा प्रश्न पडू शकतो, अर्ध, परंतु जुनी उदाहरणं पाहता भुवई धाक घालणाऱ्याची, स्वल्प, धाक बसणाऱ्याची नव्हे, पूर्ण, कंस बंद.’

बाई थांबल्या. कुणा परक्या मुलखातल्या माणसांनी चारेकशे वर्षांपूर्वी हे ओळखून ठेवलं होतं. त्यासाठी अख्खा शब्द घडवला होता आणि भुवई कुणाची हेही कोशांनी शोधून काढलं होतं. आणि आपल्याला एका माणसाला एक वाक्य बोलवत नाही! त्यांच्या अंगातून संताप उसळला. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं नाही. बघितलं तर जमायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं. कागदावर नजर रोवून, वाचायच्याच सुरात, त्या म्हणाल्या, ‘तुमच्या भुवईनं माझी साळू घालवली, पूर्ण.’

‘हे कुठं आहे?’ साहेब म्हणाले.

बाईंना वाटलं, आपल्या कानांनी दगा दिला. इतका निगरगट्टपणा! त्यांनी मान वर केली. साहेब प्रुफावर वाकले होते. नाक कागदाला टेकायचं बाकी होतं. भुवया गच्च जुळलेल्या, आणि बोट ओळींवरून खालीवर फिरत होतं. ‘कुठल्या ओळीत?’ ते पुटपुटले. ‘कंसाच्या आत की बाहेर? सापडत नाही मला. परत वाच.’

ते चेष्टा करत नव्हते. शब्दाच्या अर्थाकडे लक्ष गेलं की डोळा चूक सोडतो, असं ते स्वतःच नवख्यांना शिकवायचे. अर्थ कानाबाहेर ठेवून नुसते शब्द ऐकायची सवय त्यांच्या हाडीमाशी खिळली होती. ते बिचारे ते वाक्य खरोखरच कागदावर शोधत होते. आणि बाईंना दिसलं, की त्यांचं बोट ब्राउबीटवर नाहीच. ते भलत्याच रकान्यात, भलत्याच शब्दावर फिरत होतं. मान एका बाजूला कलती करून, डोळ्याच्या कडेनं ते कागदाकडे बघत होते.

‘अहो,’ बाई म्हणाल्या, ‘तुमचं बोट कुठं आहे?’

बोट थांबलं. मग वाक्याचा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचला असावा, कारण त्यांनी हळूहळू हात उचलून मांडीवर ठेवला.

‘दिसत नाही तुम्हांला?’

‘मधलं दिसत नाही,’ साहेब म्हणाले. ‘कडेकडेचं दिसतं. तुझ्याकडे बघितलं की तू नसतेस, बाजूची खिडकी असते.’

‘कधीपासून?’

‘धूसर व्हायला लागलं तेव्हा साळू शाळेत होती. डोळे बारीक करून, कपाळ आवळून बघितलं की थोडं जुळून यायचं. तू थांबायचीस तेवढ्यात मी ओळ पकडायचो. अलीकडे तेही होत नाही. तुझ्या आवाजावर चालवतोय.’

‘मला सांगायचं नाही?’

‘प्रुफं तपासणाऱ्याला दिसत नाही हे कुणाला सांगायचं गं? तू इथंच कामाला. तुला खोटं बोलता येत नाही. डॉक्टर म्हणाले होते, आहे ते जपा. ते जपत बसलो.’

बाईंना रडूही येईना. संपादिकेची खाल्लेली बोलणी, नव्या कारकुनाची न मागितलेली रजा, टेबलाखालून पोरीला ढोसलेला पाय, सगळं एकदम डोळ्यांसमोर यायला लागलं. ‘आणि त्या दिवशी?’ त्यांनी विचारलं. कुठला दिवस हे त्यांना सांगावं लागलं नाही.

‘तिचा आवाज मला बारीक लागला,’ साहेब म्हणाले. ‘म्हटलं, पोरीचं तोंड उतरलंय का बघावं. सगळा जीव डोळ्यांत आणून बघत होतो. जितकं निरखून बघावं तितकी ती पुसट होत होती. मग म्हणाली, काही नाही. मला वाटलं, नसेल काही.’

‘आम्ही भ्यायचो हो तुम्हांला. आम्हांला वाटायचं तुम्ही...’

‘ठाऊक होतं.’

‘काय ठाऊक होतं?’

साहेबांनी टेबलाची कड चाचपली. ‘तुम्ही दोघी थांबता ते. सुरुवातीला वाईट वाटायचं, सांगून टाकावंसं वाटायचं. मग... मग बरं वाटायला लागलं. मान वर केली की घर गप्प. डोळ्यांदेखत सगळं हातचं निसटत होतं, तेवढं एक हातात राहिल्यासारखं वाटायचं. कार्यालयातही तेच. भुवईसाहेब म्हणतात ना मला? मला आवडायचं ते.’

हे ऐकून बाईंना त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच हातानं त्यांचं डोकं कुशीत घ्यावंसं वाटलं. यातलं त्यांनी काहीच केलं नाही. वर्षभर जपून ठेवलेलं वाक्य बोलून झालं होतं आणि त्यांना हलकं वाटत नव्हतं. राग ज्याच्यावर ठेवावा तो माणूस समोर आंधळा होऊन बसला होता. निरपराधही नव्हता. तो निरपराध असता तर त्यांना माफ करता आलं असतं, आणि नुसताच दुष्ट असता तर बहिणीची खोली होतीच.

काचेपलीकडून शिपाई एका हातात प्रुफांची चळत घेऊन आत डोकावला. बाईंनी मानेनंच नको म्हटलं. तो गेला.

‘ती कशी दिसत होती?’ साहेबांनी विचारलं. ‘शेवटची आली तेव्हा. मला कुणी सांगितलंच नाही. कोण सांगणार म्हणा. मला वाचून दाखव.’

‘वाचून काय दाखवू?’

‘तू बघितलंस ना? तसं सांग. काही गाळू नकोस.’

बाईंनी हस्तलिखित बाजूला सारलं. पुढ्यात काहीच नसताना वाचायची त्यांना सवय नव्हती. तरी त्यांनी सुरुवात केली, आणि आवाज आपोआप त्याच जुन्या सुरात लागला. ‘निळा स्वेटर, स्वल्प, बाह्या लांब, स्वल्प, गरम होत होतं तरी काढला नाही. केस बारीक कापलेले, स्वल्प, मी म्हटलं छान दिसतात, स्वल्प, ती म्हणाली गळत होते म्हणून कापले. गाल बसलेले. ओठ पांढरे. चमचा उचलताना बाही वर गेली, स्वल्प, मनगट...’ इथं त्यांनी सवयीनं वर बघितलं.

साहेबांच्या भुवया गोळा झाल्या होत्या. मुलगी दिसावी म्हणून ते कपाळ आवळून रिकाम्या खोलीत बघत होते. बाईंची जीभ जागच्या जागी थबकली. सगळं कळूनसुद्धा थबकली.

भुवया जुळल्या आणि आवाज थांबला, म्हणजे ही आपल्याच तोंडाकडे बघतेय, हे साहेबांच्या ध्यानात आलं. त्यांनी दोन्ही तळव्यांनी कपाळ झाकून घेतलं.

‘पुढे,’ ते म्हणाले.

‘मनगट काडीसारखं,’ बाई म्हणाल्या. आता त्यांना विरामचिन्हं आठवत नव्हती. ‘वर काळेनिळे डाग. ते मला दिसले. दिव्याखाली बसली होती, स्वच्छ दिसले. तुमच्याकडे बघून ती गप्प झाली आणि मग तिनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत होती. आई काहीतरी बोलेल म्हणून बघत होती.’

‘पुढे.’

‘मी तुमच्या भुवया बघितल्या आणि ताटात बघायला लागले. सकाळी दारात तिला विचारलं, बरं नाही का गं? ती म्हणाली, दगदग झाली. मी म्हटलं, जप. मला दिसत होतं हो. तुम्हांला दिसत नव्हतं, मला सगळं दिसत होतं.’

तळव्यांआडून, नेहमीच्याच त्या शब्दात पण कुणाच्या तरी पाया पडावं तसं, साहेब पुन्हा म्हणाले, ‘पुढे.’

‘पुढे काही नाही हो,’ बाई म्हणाल्या. ‘एवढंच आहे.’